दोघींची हवा एकच

२२ एप्रिल, बुध.
मशीन आलं. खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन गाळून देतं म्हणे. शांताच्या नाकात नळी. डॉ. म्हणाले दोन लिटरवर ठेवा, बोटाचं मीटर अठ्ठ्याऐंशीच्या खाली जाऊ देऊ नका.
माझा जन्म इतवारीत तेलाच्या दुकानात गेला. लिटर म्हणजे माप बुडवलं, निथळलं, ओतलं. हवेचा लिटर कसा धरायचा? काचेच्या नळीत एक गोळी तरंगते. तिचा वरचा काठ रेषेला लावला. संध्याकाळी सून म्हणाली, "बाबा, काठ नाही, गोळीचा मधला भाग पाह्यचा." म्हणजे दिवसभर कमीच दिला. जेवण गेलं नाही.

२४, शुक्र.
मशीनवर चित्र आहे, पेटती काडी आणि तिच्यावर लाल फुली. उदबत्ती, मेणबत्ती सगळं बंद केलं. शेगडी पेटली की स्वयंपाकघराचं दार लावतो. सून वर्षा आत उकडून निघते.
शांता माझ्याशी लग्न होऊन सक्करदऱ्याला आली तेव्हापासून संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावते, मग वंदना. आज मेणबत्ती नाही. वंदनाही म्हटली नाही. भिंतीकडे तोंड करून झोपली.

२६, रवि.
वर्षाची शिकवणी, नववीची मुलं. पेटत्या मेणबत्तीवर तिने पेला उपडा ठेवला. ज्योत बारीक झाली, गेली. मी दारातून पाहत होतो.
इतके दिवस समजत होतो, ऑक्सिजनच पेट घेतो. वर्षा म्हणते तो स्वतः जळत नाही, जळणाऱ्याला मदत करतो. माझं शिक्षण सातवीपर्यंत. एक भीती गेली, दुसरी आली. विचारलं, मग मेणबत्ती शांताच्या वाट्याचं खाते का? ती हसली. "आपली खोली काय पेल्याएवढी हाय का, बाबा? फटीतून हवा येतच राह्यते."
बरोबर असेल. तरी दोघींची हवा एकच.

२८, मंगळ.
वर्षाने गांधीबागेतून सेलवाली मेणबत्ती आणली. बटण दाबलं की प्लास्टिकची ज्योत हलते. शांताने ती हातात घेऊन उलटीपालटी केली.
"हे तं खेळणं हाय. जळत नाही, वितळत नाही. हिच्यापासून काय शिकाव माणसानं?"
मग नळी काढून उशीवर ठेवली. मेणबत्ती नाही तं नळी बी नाही, म्हणाली. मीटर उतरू लागलं. कशीबशी समजूत घातली. तिच्याशी भांडताही येत नाही. दोन वाक्यांत दम लागतो आणि मी जिंकल्यासारखा दिसतो.
पौर्णिमेला बघू, असं कबूल करून बसलो.

३०, गुरु.
डॉ.ना फोन. थोडा वेळ नळी काढली तर चालेल, मीटर सोडू नका. वर्षाचं म्हणणं, मशीन आधीच बंद करायचं, खिडक्या उघडायच्या, लुगडं बदलायचं. ऑक्सिजन कापडात मुरून राहतो. मग काडी बाहेरच्या खोलीत.
कापडात मुरतो. आता तिची चादरही खिडकीबाहेर धरून झटकतो. फार थकलो.

१ मे, शुक्र. वैशाख पौर्णिमा.
सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. पांढरं लुगडं नेसवलं. पंखा बंद, नाहीतर ज्योत टिकेना. घामाने तिघंही भिजलो. वर्षाने काडी ओढली तेव्हा मी डोळे मिटले. काही झालं नाही. मेणबत्ती जळते तशी जळाली.
शांताच्या बोटाला मीटर. मी एकदा ज्योतीकडे पाहायचो, एकदा आकड्याकडे. त्रिशरण झालं, त्र्याण्णव. पंचशील सुरू झालं. एकेका शीलाला थांबून श्वास घेत होती. चौथ्याला अठ्ठ्याऐंशी. मी विझवायला उठलो, तिने मनगट धरलं. पाचवं पुरं केलं. सत्त्याऐंशी.
वर्षाने ज्योत विझवली, धूर खिडकीतून जाऊ दिला, मग मशीन. आकडा सावकाश चढला. तिचा चेहरा किती दिवसांनी असा उजळला.
नळी लावताना म्हणाली, "उद्या बी लावू."
मी गोळी रेषेला लावत राहिलो.
"आयकू आलं तुमाले," ती म्हणाली.
आलं होतं.