आईच्या हातातला फ्लॅश

बाबा, आई आता मला ‘अहो बाई’ म्हणते. चहा दिला की कप दोन्ही हातांत धरते आणि विचारते, तुमचं घर कुठलं, मुलंबाळं किती. मी सांगते, इथंच फ्रीमाँटला, एक मुलगी आहे. ती मान डोलावते आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारते. सुरुवातीला मी चिडायचे. अगं, मी तुझी मुलगी, असं ठासून सांगायचे, जणू ती मुद्दामच करत होती. मग ती घाबरायला लागली, म्हणून सोडून दिलं. तुम्ही गेलात तेव्हा सगळे म्हणाले, आईला तिकडं अमेरिकेत घेऊन जा, तुझ्याजवळ सुखात राहील. राहिलीही बरीच वर्षं. आता माझ्याजवळ उरलंय ते तिचं सुती पातळ, तिचा खोकला आणि मागच्या पॅटिओच्या काचेच्या दारापाशी खुर्चीत दिवसभर बसून असलेलं तिचं शरीर. हे तुम्हाला सांगायला नको होतं, पण दुसऱ्या कुणाला सांगू?

त्या काचेबाहेर मी हमिंगबर्डसाठी फीडर टांगलाय. म्हणजे साखरपाण्याची एक उलटी बाटली, खाली लाल फुलांच्या आकाराची भोकं. पक्षी जेमतेम अंगठ्याएवढा. हवेत एका जागी थांबून चोच आत घालतो आणि पंख इतक्या जोरात हलवतो की ते दिसतच नाहीत. आईनं त्याचीच धास्ती घेतली. “अहो बाई, त्याचे पंख कुणी तोडले?” रोज तोच प्रश्न, आणि रोज डोळ्यांत पाणी. एकदा तर माझी नजर चुकवून तिनं त्या साखरपाण्यात लिंबू पिळलं, दारी आलेल्याला नुसतं गोड पाणी काय द्यायचं म्हणून. पक्षी चोच बुडवून तडक निघून गेला. त्या दिवशी मी खूप दिवसांनी हसले. आणि ठरवलं की हिला त्याच्या पंखांचा फोटोच काढून दाखवायचा. फोटोग्राफरची मुलगी मी, एवढं तरी जमायला हवं.

तुम्हाला हे काम आवडलं असतं. भर उन्हात ते पंख पकडता येत नाहीत. सावली लागते, म्हणजे फोटोत उजेड येईल तो फ्लॅशचाच. आणि गंमत अशी की फ्लॅशची ताकद वाढवायची नाही, उतरवायची. जितका तो मंद, तितका कमी वेळ उडतो आणि तेवढ्यात पंख जागच्या जागी थिजतात. मंद असल्यामुळे मग एक पुरत नाही, म्हणून मी फीडरभोवती चार उभे केले. तुमच्याकडं दोनच होते. एक कॅमेऱ्यावर आणि दुसरा आईच्या हातात. लग्नाच्या मांडवात ती पदर खोचून तुमच्या उजवीकडे उभी राहायची, हात डोक्याच्या वर ताणलेला. तुम्ही बटण दाबलं की दोन्ही फ्लॅश उडायचे. ती विचारायची, झालं का हो? तुम्ही ‘झालं’ म्हणाल तेव्हाच तिचा हात खाली यायचा. स्टँडासमोरच्या त्या स्टुडिओतून तुम्ही सगळ्या तालुक्याचे फोटो काढलेत आणि तिचा धड एक नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपल्याच घरी. तुमच्या लग्नाच्या फोटोत ती आहे, पण मान खाली आणि डोळे मुंडावळ्यांआड.

पहिल्यांदा ते चार फ्लॅश एकदम उडाले, तेव्हा मी आईकडं पाहतही नव्हते. मागून आवाज आला, “झालं का हो?” वळून बघते तर आई खुर्चीत ताठ बसलेली, पदर सावरलेला, उजवा हात डोक्याच्या वर, मूठ बंद. चेहऱ्यावर तीच जुनी घाई, अजून वरपक्षाचे फोटो राहिलेत अशी. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती मला आई वाटली. मी कशीबशी ‘झालं’ म्हणाले. हात खाली आला, आणि त्याच्याबरोबर सगळंच खाली गेलं. थोड्या वेळानं तिनं मला विचारलं, तुमचं घर कुठलं.

पुढं फोटोही जमला. पिसन् पीस मोजून घ्या असा. आईला दाखवला, तर तिनं स्क्रीनवरची धूळ पदरानं पुसली आणि कॅमेरा परत दिला. मुलगी कॉलेजातून आली होती, ती बराच वेळ बघत राहिली. “इट्स सो शार्प, मॉम,” ती म्हणाली, “पण इज इट अलाइव्ह?” मला एकदम तुमची डार्करूम आठवली. जावळाच्या एका फोटोत बाळाचा हात हललेला होता, म्हणून मी तो केरात टाकते. तुम्ही तो उचलून आणता, शर्टाला पुसता आणि माझ्यावर खेकसता, “थोडं हललेलं राहू दे. मेलेलं माणूसच तेवढं हलत नाही.” तुम्हाला ते माहीत असणारच. ज्यांचा आयुष्यात एकही फोटो निघाला नाही, त्यांच्या घरचे माणूस गेल्यावर तुम्हाला बोलवायचे. प्रेताला खुर्चीत बसवून मागून कुणीतरी धरायचं, तुम्ही फोटो काढायचा, आणि मग स्टुडिओत बारीक ब्रशनं त्या मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवायचे. मुलाला नाहीतर भावाला समोर बसवायचे आणि त्याचे डोळे बघून काढायचे. लोक म्हणायचे, आमचा म्हातारा उठून बसला.

मग मी कॅमेरा आईकडं वळवला. भिंतीवर लावायला तरी एक फोटो हवा, असा विचार मनात आला, नाही म्हणत नाही. पण फ्लॅश तिच्या तोंडावर उडाला तर हात वर गेला नाही, ती काही बोलली नाही. साहजिक आहे, लग्न आणि पासपोर्ट सोडला तर तिच्याकडं कॅमेरा कधी कुणी रोखलाच नव्हता. ती आपल्या, कॅमेऱ्यामागच्या बाजूची. सतरा वेळा काढून बघितलं. सगळे फोटो स्वच्छ, डोळे टक्क उघडे, आणि त्यांत कुणी नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुम्ही मिटलेल्या डोळ्यांवर उघडे डोळे काढलेत. उघड्या डोळ्यांवर काय काढायचं, ते मला शिकवलं नाहीत. शिकवलं असतंत तरी समोर कुणाला बसवू? माझे डोळे तुमच्यावर गेलेत, ती स्वतःच सगळ्यांना कौतुकानं सांगायची.

डॉक्टर म्हणाले, यापुढं ती खाणंही विसरेल. मी ऐकून घेतलं आणि येताना साखर घेऊन आले. फीडर अजून भरते. पक्ष्याच्या फोटोंत मला आता काडीचाही रस उरलेला नाही, तरी दुपारच्या मीटिंग संपल्या की फ्लॅश मांडते, एकदा उडवते, तिचा हात वर जातो, ती विचारते आणि मी ‘झालं’ म्हणते. तेवढ्यापुरती ती आई असते.

आज पक्षी आलाच नाही. तरी मी फ्लॅश उडवला, त्याच्याच बटणानं. आईनं विचारलं, “झालं का हो?” आणि मी तुमच्यासारखा आवाज जड करून म्हणाले, “नाही. तशीच थांब.” ती थांबली. हात थरथरायला लागला, खांदा दुखला असेल, ओठ आवळले तिनं, पण हात खाली घेतला नाही. तुमच्याकडं बघत होती. मी कितीतरी वेळ ‘झालं’ म्हटलं नाही. बाबा, कॅमेरा तर मी चालूच केला नव्हता.