शिरला की फिरला: सेनापतीच्या गुन्ह्याचा निकाल

७ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ७.
आजचा डाव अप्रतिम झाला. सूत्रधार म्हणून माझी पकड आता पूर्ण बसली आहे. फक्त शेवटी केमिस्ट चहा अर्धा टाकून निघून गेला. दारही आपटलं. वारा असावा.

सविस्तर नोंद करून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. अकरा वर्षं दर शनिवारी दुपारी चार वाजता आमच्या पुढच्या खोलीत हा खेळ चालतो. जग मी रचलेलं, नियम मी केलेले. बाकीच्यांनी वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि मी सांगेन तसं घडलं असं मानायचं. खेळणारे तिघं. कोपऱ्यावरचा केमिस्ट, तो सेनापती. वरच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाई, त्या वैद्य. आणि माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, तो अस्वल. अस्वलाला बोलावं लागत नाही. मेहुण्याला ते सोयीचं पडतं.

आज शत्रूच्या राखराणीने (तीही मीच रचलेली) सेनापतीवर जादू केली आणि त्याने स्वतःच्या हाताने किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून दिला. किल्ला गेला. वैद्य जखमी. अस्वल झोपलेलं (मेहुणाही). मी तिथल्या तिथे निकाल दिला: सेनापतीची इज्जत शून्य, तलवार जप्त. केमिस्ट म्हणाला, सेनापती झपाटला होता, राणीचा आत्मा त्याच्या अंगात शिरला होता, शुद्धच नव्हती त्याला, मग गुन्हा कसला? मी शांतपणे (बायकोच्या मते ओरडून) समजावलं की ते झपाटणं नव्हे, ते मंत्रबंधन. झपाटलेल्याचं मनच जाग्यावर नसतं. बांधलेल्याला सगळं कळत असतं, फक्त हुकूम मोडता येत नाही. आणि राणीची अंगठी सेनापतीने आपण होऊन बोटात घातली होती. केमिस्ट म्हणाला, पण 'आत्मा शिरला' असं तूच बोललास. मी म्हणालो, मी 'फिरला' म्हणालो. आत्मा त्याच्या सभोवती फिरला. भूगोलबाई म्हणाल्या, शिरला. मेहुणा जागा होऊन म्हणाला, शिरला, आणि परत झोपला.

संकल्प: निकालावर ठाम राहणे. केमिस्ट मंगळवारपर्यंत माफी मागेल.

८ फेब्रुवारी, रविवार.
तटस्थ साक्षीदार म्हणून बायकोला विचारलं. ती स्वयंपाकघरात होती. तिने 'शिरला' ऐकलं. मी म्हणालो, मिक्सर चालू होता, साक्ष ग्राह्य धरता येणार नाही. ती म्हणाली, मिक्सर शेजारचा होता आणि तुमचा आवाज त्याच्याही वर होता. मग म्हणाली, वीस वर्षांचा मित्र आहे तुमचा, जाऊन दोन शब्द बोलून या.

दोन शब्दांनी भागणार नाही. दोन पानं लागतील. झपाटणं आणि बंधन यांतला फरक एकदाच कायमचा लिहून काढतो. आज संध्याकाळपर्यंत होईल.

१० फेब्रुवारी, मंगळवार.
नववं पान. केमिस्टची माफी आलेली नाही. शब्द शोधत असेल.

आज सुचलेलं: झपाटलेल्यातून कुणाला तरी बाहेर काढायचं असतं, बांधलेल्याला सोडवायचं असतं. वाक्य इतकं आवडलं की दोनदा लिहिलं.

दुकानात किरकोळ गैरसमज. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. आज एका गृहस्थांच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसली. त्यांना जिना दिसेना. मालकांनी विचारलं, लक्ष कुठे आहे? मी झपाटणं आणि बंधन थोडक्यात सांगितलं. वीस मिनिटांनी मालक म्हणाले, तुम्ही आज लवकर घरी जा. माणूस चांगला आहे. विषयाचं महत्त्व कळलं त्यांना.

१४ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६.
चार वाजता खुर्च्या मांडून बसलो. कुणी आलं नाही. मला लिहायला उसंत मिळावी म्हणून असणार. समजूतदार मंडळी आहेत.

मेहुण्याचा फोन आला, ताप आहे म्हणाला. मागून फासे टाकल्यासारखा खडखडाट ऐकू येत होता. मी विचारलं तर म्हणाला, गोळ्यांची बाटली हलवतोय. इतक्या गोळ्या घेतोय म्हणजे ताप बराच असावा. बायको डबा भरून त्याला बघायला गेली. तीन तासांनी गाणं गुणगुणत परत आली. ताप उतरला असेल.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.
तेवीस पानं. आज चौथ्या प्रकरणात एक भयंकर गाठ पडली: जो आत्मा माणसाच्या अंगात शिरतो, तोच जर दुसऱ्या कुणाच्या मंत्राने बांधलेला असेल तर? गुन्हा कुणाचा? डोकं दुखायला लागलं.

गोळी हवी होती. कोपऱ्यावरच्या दुकानात जाणं शक्य नाही. चाळीस मिनिटं चालत लांबच्या दुकानात गेलो. येईपर्यंत डोकं जास्त दुखायला लागलं होतं आणि गोळी घरात होतीच, असं बायको म्हणाली. जाताना केमिस्टने काउंटरमागून हात वर केला. मी विजेच्या खांबाकडे पाहिलं. खांबाचं काम चांगलं आहे.

मग वाटलं, त्याने हात केला तो नमस्काराचा की नुसती माशी हाकलली? माशी असावी.

२१ फेब्रुवारी, शनिवार.
आजही कुणी नाही. मेहुण्याचा ताप उलटला. बायको पुन्हा गेली. या खेपेस वही-पेन्सिल घेऊन. ताप लिहून ठेवायला. भावावर फार जीव आहे तिचा. भूगोलबाईंनाही वर जाऊन हाक मारली. कुलूप.

एकटाच खेळलो. चौघांचे फासे मीच टाकले. सेनापतीच्या गुन्ह्यावर मतदान घेतलं. तीन विरुद्ध एक असा निकाल माझ्या बाजूने लागला. अस्वल विरोधात का गेलं ते कळलं नाही.

चहा दोनदा केला. चार कप काढले आणि तीन परत ठेवले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार.
मोठी गोष्ट! जेवताना बायकोने आपण होऊन विचारलं की आत्मा माणसाच्या नुसत्या एका हातात शिरू शकतो का. म्हणजे ती चोरून टिपण वाचते आहे. मी तसं म्हणालो तर म्हणाली, अजिबात नाही. लाजते.

पाऊण तास समजावलं. आमटी गार झाली. शेवटी तिने एवढंच विचारलं, की ज्याचं पात्र आहे त्याला आधी विचारायचं नाही का, तुला आत काय वाटलं म्हणून?

नियमात तशी तरतूद नाही. तसं तिला सांगितलं. ती ताटं उचलायला लागली.

२८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ३.
टिपण पूर्ण. अडतीस पानं, दोन तक्ते. स्पायरल बाइंडिंग करून घेतलं. निळं कव्हर.

केमिस्टचा संकोच माझ्या लक्षात आला आहे. माफी मागायला आमच्या दारी यायला त्याला जड जातंय. तेव्हा संधी घरपोच द्यायची. मी जाणार, टिपण हातात ठेवणार, तो वाचणार, गळ्यात पडणार. साडेचारला निघतो. बायको डबा घेऊन केव्हाच भावाकडे गेली.

त्याच दिवशी. संध्याकाळी ८.
दार केमिस्टच्या बायकोने उघडलं. पुढच्या खोलीत मोठं टेबल. टेबलावर पुठ्ठ्याचा किल्ला, बुरुजांना रंग दिलेला. भोवती केमिस्ट, भूगोलबाई आणि मेहुणा. मला पाहून मेहुणा खोकला. आपण ताप सांगितला होता, खोकला नव्हे, हे त्याच्याही लक्षात आलं आणि तो थांबला.

टेबलाच्या टोकाला, सूत्रधाराच्या जागी, माझी बायको. पुढ्यात वही.

तिसरा शनिवार होता म्हणे.

मी म्हणालो, टिपण द्यायला आलो होतो. कुणी हात पुढे केला नाही. बायको म्हणाली, बसा, आमचं महत्त्वाचं चाललंय. खुर्ची नव्हती. स्टूल होतं.

तिने केमिस्टला विचारलं, दरवाजा उघडताना सेनापतीला काय वाटत होतं? केमिस्टने हातातला फासा खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, सगळं कळत होतं त्याला. अंगठी घातलीस तर वैद्याला जिवंत सोडीन, असा राणीने शब्द दिला होता. म्हणून घातली. झपाटला नव्हता. बांधलेला होता.

मी स्टुलावरून उठून ओरडलो, की म्हणजे मीच बरोबर होतो!

भूगोलबाईंचे डोळे पाणावले होते. मी इतक्या वर्षांत एकदाही त्यांना रडवू शकलो नाही.

बायको म्हणाली, हो, तुम्हीच बरोबर होतात. केमिस्टही म्हणाला, हो बाबा, तू बरोबर. पण अकरा वर्षं सांभाळलं होतं रे मी त्याला. तू चहाचे दोन घोट घेता घेता त्याची तलवार काढून घेतलीस. एक शब्द विचारला नाहीस.

यावर अडतीस पानांत काही नव्हतं. मी चाळून पाहिलं.

मग मी म्हणालो, विचारायला हवं होतं. निदान केमिस्टचं तरी म्हणणं आहे की मी तसं म्हणालो. माझ्या मते मी 'विचारात घेतलं होतं' असं म्हणालो. तोपर्यंत त्याने माझ्यासाठी कप आणायला सांगितलं होतं, म्हणून वाद वाढवला नाही.

सेनापतीला तलवार परत मिळाली. किल्ला गेल्याचं दुःख त्याच्याकडेच राहिलं. टिपण किल्ल्यामागे उभं केलं आहे. निळा डोंगर म्हणून छान दिसतं, असं मेहुणा म्हणाला.

७ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७.
आजपासून मला खेळात घेतलं. खेळाडू म्हणून. सूत्रधार बायकोच. पात्र: नावाडी. तिघांना नदीपलीकडे सोडायचं, एवढंच काम. नावाड्याचा पूर्वेतिहास मी सहा पानांत लिहून नेला होता. आजोबांपासून. बायको म्हणाली, आधी वल्ही मारा.

पहिलाच फासा टाकला. एक पडला. नदीतून मगर आली आणि नावाडी गेला. चार वाजून बारा मिनिटं. बाकीचे पोहत पलीकडे पोचले. अस्वलाने प्रथमच काहीतरी केलं, वैद्याला पाठीवर घेतलं. मेहुणा जागा होता.

मेलेल्याला बोलता येत नाही, असा नियम निघाला. माझाच आहे म्हणतात. उरलेला वेळ चहा केला, दोनदा. पाच कप. कुणी टाकला नाही.

घरी येताना बायकोला सहज विचारलं, की त्या मगरीत राणीचा आत्मा वगैरे शिरला होता का? की बंधन? तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, नाही हो, तिला भूक लागली होती.

पुढच्या शनिवारी मी पलीकडच्या काठावरचा मेंढपाळ आहे. पेन्सिल घरून आणायला सांगितलं आहे.