हवालदाराची बदली

शुक्रवार, दुपार
माहेरून, अव्वा-अप्पांच्या घरून

प्रिय संगू,

पत्र बघून आधी घाबरशील आणि मग अक्काला फोन करता येत नाही का, म्हणून हसशील. येतो बाबा. पण तुझा फोन कायम स्पीकरवर, बाजूला तुझी बायको आरती आणि लेकरू विरेश. इकडे मी फोन घेतला की अव्वा निवडायची भाजी तशीच टाकून माझ्या तोंडाकडे बघत बसते. म्हणून लिहितेय, आणि तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावर पाठवतेय. एकट्यानं वाच.

परवा तू अव्वाला फोनवर म्हणालास की कुत्रं गेलं, आता घोर मिटला, सुट्टी लागली की विरेशला महिनाभर गावी आणून सोडतो. अव्वा हो म्हणाली. मी शेजारीच बसले होते. तेव्हापासून मला अन्न गोड लागेना.

आधी तुझ्या हवालदाराचं सांगते. नांदेडहून एसटीत पिशवीत घालून त्याला आणणारा तूच, आल्यागेल्याची चौकशी केल्याशिवाय सोडत नाही म्हणून हवालदार नाव ठेवणाराही तूच. आणि वेळा अमावास्येला, शेतातल्या येळवशीच्या दिवशी, हे कुत्रं असेपर्यंत मी या घरात पाय ठेवणार नाही, असं सगळ्या भावकीसमोर बोलणाराही तूच. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. भज्जी-आंबील खाऊन आपण झाडाखाली आडवे झालेले, आणि कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीतून विरेशची किंकाळी आली. भुवईतून रक्त, त्याचा सदरा हवालदाराच्या तोंडात, आणि तो त्याला ओढत बाहेर आणतोय. अव्वा ओरडली, कुत्र्यानं फाडलं लेकराला. पहिला दगड मीच मारला. मग दवाखाना, टाके, सुया. त्या सुयांना लेकरू कसं रडलं ते तू मला फोनवर ऐकवलंस.

त्याची बदली करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शेजारच्या संगप्पाकाकांनी नेला, तर साखळी तोडून परत अप्पांच्या बाजेखाली. निलंग्याच्या एका आडत्याला दिला, तिथूनही आला. बाजेजवळ कुणी गेलं की दात दाखवायचा, अगदी अव्वा चहा घेऊन गेली तरी. मला तर त्याची चीड आली होती. शेवटी मुखेडचा आतेभाऊ मल्लिनाथ पिकअप घेऊन आला आणि शेळ्यांच्या गोठ्यावर ठेवतो म्हणाला. त्याला गाडीत चढवताना अप्पा ओसरीवरून विचारत होते, कुणाचं कुत्रं घेऊन निघालात रे? आम्ही सगळे हसलो. मला वाटलं, वाईट वाटतंय ते लपवायला म्हातारा थट्टा करतोय.

पाडव्याला तू आलास तेव्हा घर कसं शांत होतं, आठवतं ना? अप्पांनी तुला दोनदा बसलिंगप्पा म्हणून हाक मारली. बसलिंगप्पाकाकांना जाऊन किती वर्षं झाली, पण तू कौतुकानं म्हणालास की मी काकांसारखा दिसायला लागलो वाटतं. त्या जेवणात अव्वा पंगतीला बसलीच नाही, अप्पांच्या मागे उभी राहून वाढत होती. तू पुरणावर तूप ओढण्यात दंग होतास. मीही होते, उगाच तुला कशाला बोलू.

मग मल्लिनाथचा फोन आला. मी धास्तावूनच घेतला, म्हटलं कुणाला तरी चावला असणार. तर तो म्हणाला, अक्का, हे कुत्रं खरंच तुमचंच का? करडं त्याच्या पोटाशी झोपतात, माझी पोरं त्याचे कान ओढतात, आणि हा भुंकतसुद्धा नाही. मी हसले, पण फोन ठेवल्यावर डोक्यात भुंगा लागला. तिथं गाय झालेलं जनावर आपल्याच घरात का पिसाळत होतं?

त्याच आठवड्यात मी शिरूर अनंतपाळहून इकडे राहायला आले. अव्वाच्या मनगटावर काळानिळा डाग होता. न्हाणीत घसरले म्हणाली. घसरलेल्या बाईच्या मनगटावर आडवा वळ कसा उठेल? विचारलं तर भांडी आपटायला लागली. पुढं माझ्या डोळ्यांनीच बघितलं. भरदुपारी, लख्ख उजेडात, ती चहा घेऊन बाजेजवळ गेली. अप्पा झोपेतून उठले, तिच्याकडे बघितलं आणि काठी उचलली. "कोण हाय तू? माझ्या घरात काय करायलीस?" मी धावत जाऊन काठी धरली. संगू, आपल्या बापाच्या हातात इतकी ताकद आहे हे मला माहीत नव्हतं. थोड्या वेळानं ते शांत बसले, सांडून उरलेला चहा प्याले आणि मला मात्र बरोबर ओळखून विचारलं, गंगा, कधी आलीस?

चुलीपाशी बसून मग अव्वानं सगळं सांगितलं. येळवशीला शेताला आंबील शिंपडणाऱ्याच्या डोक्यावर घोंगडी असते ना, तीच पांघरून विरेश खेळत होता. तसाच तो कोपीत आजोबांना उठवायला गेला. अप्पांनी चोर समजून काठी घातली. दुसरी पडायच्या आत हवालदार मध्ये घुसला आणि लेकराला ओढून बाहेर काढलं. अव्वानं कोपीच्या तोंडातून सगळं बघितलं होतं. घोंगडीमुळं एकदा चूक झाली, असं ती इतके दिवस मनाला समजावत राहिली. मग मी विचारलं की कुत्र्याचं नाव का घेतलंस. ती म्हणाली, "लोकं तुझ्या बापाला येडं म्हणली असती. नातू जवळ आला नसता. कुत्र्याला कुठली अब्रू गं?" मला तिचा राग आला आणि तिच्या गळ्यात पडून रडूही आलं. तिनं मला तुझी शपथ घातली, संगूला सांगू नको.

ती शपथ आज मोडतेय, एवढ्यासाठीच हे पत्र. विरेशला पाठवू नकोस. त्याला कारण काहीही सांग, पण आजोबांचं वाईट त्याच्या कानावर घालू नकोस, तेवढं अव्वाचं मन राख. आणि तू एकटा ये. अप्पांना नांदेडला मोठ्या डॉक्टरकडे न्यायचंय, ते माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील, निदान बसलिंगप्पाचं तरी ऐकतील. मल्लिनाथला म्हटलं हवालदाराला परत दे, तर त्याची पोरं रडायला लागली. मला येत्या नाही, पुढच्या सोमवारी शिरूरला परत जावंच लागणार, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याआधी ये. मी गेले की अप्पांच्या बाजेपाशी चहा घेऊन अव्वा एकटीच जाणार आहे.

तुझीच,
अक्का