चारशे तेरावी रेघ

स्वान्सी, १२ मार्च १९६४

प्रिय तेगवेन,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. वडिलांच्या थडग्यावरच्या दगडासाठी तू निवडलेलं वाक्य शब्द न् शब्द बरोबर आहे ना, एवढंच तू विचारलं होतंस. 'हो' लिहून टाकलं असतं तरी चाललं असतं. तीन दिवस मला ते लिहिता आलं नाही.

तुला आठवत असेल, तुझे वडील, माझे सर, गेल्यावर आपण दोघांनी त्यांच्या खाटेखालून हस्तलिखितांनी भरलेल्या दोन ट्रंका ओढून काढल्या होत्या. मृत्युपत्रात एवढंच होतं, 'कागद मेउरिगने बघावेत.' मला वाटलं, ते लावून पुस्तक छापायचं, वर्षभराचं काम. अकरा वर्षं गेली. माझं स्वतःचं पुस्तक चौथ्या प्रकरणावर थांबलं ते थांबलंच. कॉलेजात ग्विलिम अजून टोमणा मारतो, "काय रे, गुरुजींचे कपडे वाळत घालून झाले असतील, तर स्वतःचे कधी धुणार?" मी हसतो. खरं म्हणजे दुसऱ्याच्या शंकांच्या आडोशाला राहणं मला सोयीचं पडलं असावं.

त्या वर्षांत तू मनुकांचा पाव घेऊन यायचीस आणि मी टंकलेली पानं उचलून वाचत बसायचीस. एका शनिवारी ते वाक्य तुझ्या हाती लागलं: 'ज्याला आपण कधी समजून घेतलं नाही, त्याच्यावरही आपण प्रेम केलेलं असतं.' तू पान खिडकीपाशी नेऊन पुन्हा वाचलंस. मग म्हणालीस, "म्हणजे म्हाताऱ्याला कळत होतं तर." तुझ्या लग्नावरून त्यांनी नऊ वर्षं अबोला धरला होता, आणि तो मोडायच्या आतच ते गेले. त्या दिवशी तू जाताना जिन्यावर गुणगुणत होतीस.

सरांची एक सवय तुला ठाऊक नसेल. जे पटलेलं नाही पण खोडवतही नाही, त्याच्याखाली ते पेन्सिलीने नागमोडी रेघ ओढत. छापखान्याला तशा रेघा जमेनात, म्हणून मी सरांच्या पुस्तकाच्या शेवटी त्यांची यादी दिली. चारशे बारा जागा.

होत्या चारशे तेरा. तुझ्या वाक्यातल्या 'प्रेम' या शब्दाखाली रेघ आहे. ती नजरेतून सुटली नाही. मी ती मुद्दाम यादीत घेतली नाही. सरांना शंका त्या शब्दाची होती की प्रेमाचीच, हे मला आजही सांगता येत नाही, आणि तुझ्यासाठी मात्र मी ते परस्पर ठरवून टाकलं. दुसऱ्या आवृत्तीच्या यादीत ती रेघ येईल. त्याआधी, आणि दगड कोरला जाण्याआधी, तुला ते माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. मूळ कागद सोबत ठेवला आहे. वाक्य तेच ठेवायचं की नाही, ते तू ठरव. मी सल्ला देणार नाही. पाथरवट इद्रिसला थांबायला सांगितलं आहे, किती दिवस ते माहीत नाही म्हटलं. तो म्हणाला, "थांबू की, प्रोफेसरसाहेब. ज्याची घाई असायची तो तर निजलाय."

तुझाच,
मेउरिग