काठोकाठ भरलेली वाटी

२४ ऑगस्ट, शनिवार

आलो एकदाचे. सामान अंगणात पडलंय, गाद्या भिंतीला टेकवून उभ्या केल्यात आणि मी उलट्या बादलीवर बसून लिहितेय. मेइराम, माझा नवरा, ट्रक परत करायला गेलाय. धाकटा आल्दियार गाद्यांच्या सावलीत झोपलाय. थोरली इंजू फाटकाशी उभी आहे, रस्त्याकडे तोंड करून. रडत नाहीये. रडली असती तर बरं झालं असतं.

सासूबाईंचं म्हणणं होतं बुधवारी निघा, बुधवार चांगला. ट्रक शनिवारी मोकळा होता, म्हणून शनिवारी निघालो. निघताना त्यांनी इंजूचा हात धरला तो सोडेनातच. "तुम्ही जा खुशाल. चिखलात राहायचं तर चिखलात राहा. पोर माझ्याकडे ठेवा. ती माझी आहे." सगळा जिना ऐकत होता. मी इंजूचा दुसरा हात धरला. मेइराम ट्रकची दोरी पुन्हा पुन्हा आवळत राहिला, आधीच आवळलेली दोरी.

मी आणली तिला. आता बघू या.

२५ ऑगस्ट

दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, अर्धवट गिलावा. पाणी कोपऱ्यावरच्या हापशाचं. गॅस "पुढच्या वर्षी", असं सगळे तीन वर्षं म्हणतायत म्हणे. अल्माटीत आमच्या ऐपतीत एवढं स्वयंपाकघरसुद्धा आलं नसतं. तिथे सहा वर्षं मधल्या खोलीत घडीच्या सोफ्यावर झोपले. कोणाला संडासला जायचं असलं की आमच्या पायांवरून जायचं.

आज दार लावलं. आतून. नुसतं लावून बघितलं, उघडलं, पुन्हा लावलं.

२७ ऑगस्ट

पलीकडची उल्पान जेवण घेऊन आली, पातेलंभर मांस आणि बटाटे. नव्याने आलेल्यांना आधीच्यांनी खाऊ घालायचं, तसं. तिची गाय आहे, मेइराम शहरात काय काम करतो ते तिला आधीच ठाऊक होतं (लिफ्ट दुरुस्त करतो), आणि लगेच प्रश्न — "सासू आहे ना? मग ती कुठे?"

म्हटलं, "तिच्या घरी."

"पण तुझा नवरा धाकटा ना?"

"धाकटा."

उल्पानने पातेलं परत नेताना माझ्याकडे असं बघितलं, जणू मी म्हातारीला गाडीतून उतरवून दिलंय. धाकट्याने आईजवळ राहायचं, मान्य. मग धाकट्याच्या बायकोने कुठे राहायचं, हे कोणी ठरवलंय का? सोफ्यावर, असंच ना?

१ सप्टेंबर

उद्या इंजूची शाळा. पहिली. केसांना पांढऱ्या फिती. वेण्या मला नीट जमत नाहीत, कारण इतकी वर्षं अपाच, म्हणजे सासूबाईच, घालायच्या. इंजू म्हणाली, "कार्लगाश, तू ओढतेस."

हो, मला नावाने हाक मारते. सहा महिन्यांची होती तेव्हापासून अपांच्या कुशीत झोपली. पहिलं नातवंड आजीचं, आमच्याकडे असंच. मेइरामचं थोरलं भावंडही आजीकडेच वाढलं, मेइरामला त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही तेव्हा वाटलं नव्हतं. बावीस वर्षांची होते, थकलेली होते, म्हटलं घ्या. घ्या म्हणताना कळलं नाही की मी मोठी झाल्यावर परत मागीन.

ती अपांना "अपा" म्हणते आणि मला कार्लगाश. थोरली बहीण असावी तशी.

२ सप्टेंबर

शाळेत तीन पाळ्या. वर्गात एकेचाळीस पोरं. इंजू शेवटच्या बाकावर, पण घरी येऊन म्हणाली, "माझ्या बाकावरच्या मुलीकडे कासव आहे." चला. एक तरी गोष्ट शहरात नव्हती.

८ सप्टेंबर

अपांचा रोज फोन. माझ्याशी नाही, इंजूशी. फोन स्पीकरवर असतो, म्हणजे मी ऐकावं म्हणूनच.

"खोकतेस का? ... खोकतेयस. तिथे धूर आहे. ... जेवलीस काय? ... नुसत्या शेवया? ... अपा एकटीच आहे गं. तुझी उशी तशीच ठेवलीय. येतेस का राहायला? इथे शाळा समोर आहे, रस्तासुद्धा ओलांडायला नको."

मेइराम म्हणतो, "म्हातारी आहे, बोलू दे." बोलू दे! सहा वर्षं बोलूच दिलं.

१५ सप्टेंबर

मी स्वतः गिलावा केला. एक भिंत. उल्पानने माती मळायला शिकवलं, पेंढा घालून, पायांनी तुडवून. मेइराम कामावरून आला, बघत राहिला. "वाकडी आहे." म्हटलं, तू सरळ कर. त्याने केली नाही. हात लावून म्हणाला, "गार लागते. छान."

तो पहाटे साडेपाचला निघतो, बसने दीड तास. तक्रार करत नाही. पण रविवारी आईला फोन करून झाला की अंगणात जाऊन उगाच लाकडं फोडतो. लाकडं कोळशाच्या चुलीला पेटवणापुरतीच लागतात. आता ढीग झालाय.

२९ सप्टेंबर

नणंदेचा फोन. "पहिला बर्फ पडला की याल परत, सगळे म्हणतायत." सगळे कोण, विचारलं. म्हणाली, "सगळे." म्हटलं, सगळ्यांना सांग, कोळसा दोन टन आणलाय.

एक टन आणलाय. पण सांगायला काय जातं.

६ ऑक्टोबर

इंजूने विचारलं, "अपा इथे का येत नाही?"

"तिला विचार."

"विचारलं. ती म्हणाली, तुझ्या आईने बोलावलं नाही."

हे खरं आहे. मी बोलावलं नाही. आणि त्यांनी चारचौघांत म्हटलं होतं की त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, तेही खरंच आहे. कोणी आधी वाकायचं? मी सहा वर्षं वाकले, कमरेत घडी पडली. आता नाही.

१२ ऑक्टोबर

मेइराम चाचरत म्हणाला, "आई पुढच्या शनिवारी येते म्हणाली."

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "येऊ दे."

"कार्ली, नीट वाग."

"मी नेहमीच नीट वागते. म्हणून तर ही वेळ आली."

इंजू उड्या मारतेय. पण या बाई कारणाशिवाय तीन बस बदलून येणार नाहीत. कारण मला ठाऊक आहे. शाळा समोर आहे, उशी तशीच आहे. मुलीला न्यायला येणार. मेइराम मान खाली घालणार, इंजू आनंदाने कपडे भरणार, आणि मी पुन्हा थोरली बहीण.

नाही देणार. कागदावर लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी मऊ पडले तर वाचता येईल — नाही देणार.

१९ ऑक्टोबर, शनिवार

लगेच लिहून टाकतेय. रागाने. फक्त रागाने.

अपा दुपारी आल्या. हात मोकळे, नुसती पर्स, चांगला कोट. उंबऱ्यावर थांबल्या, मग उजवा पाय आत. सगळं बघितलं. भिंतीवर बोट फिरवलं. "हिला ओल येईल." चुलीजवळ: "धूर परत फिरतो." आल्दियारला उचलून घेतलं, "हलका झालाय." मी ऐकत राहिले, बशीत साखरेचे खडे ठेवत राहिले.

मग इंजूला पुढ्यात बसवून वेण्या घालायला लागल्या. भराभर, एकसारख्या, न ओढता. इंजू डोळे मिटून बसली होती. मांजर उन्हात बसतं तशी. मला इतकं लागलं ते. माझ्या घरात, माझ्या भिंतीजवळ.

मी चहा ओतत होते. अर्धी-अर्धी वाटी, जशी सुनेने ओतायची. वाटी रिकामी झाली की पुन्हा अर्धी. त्याचा अर्थ बसा, बोला, घाई नाही. चौथी वाटी त्यांनी माझ्याकडे सरकवली आणि इंजूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "कार्लगाश, मी आज तुला एक विचारायला आले होते—"

मी वाटी काठोकाठ भरली.

नुसती भरली, वर गोलाई येईपर्यंत, आणि दोन्ही हातांनी अदबीने त्यांच्यासमोर ठेवली. काठोकाठ वाटी म्हणजे प्या आणि निघा. शेंबड्या पोरालाही कळतं. मेइरामचा चेहरा पांढरा पडला.

अपा वाटीकडे बघत बसल्या. मग उचलली. एक थेंब न सांडता, सगळी प्यायल्या, कढत होती तरी. वाटी खाली ठेवली, तळवे चेहऱ्यावरून फिरवून दुवा दिली, अन्नाला, घराला, पोरांना. मलासुद्धा. आणि उठल्या.

"वेणी सैल घालत जा," एवढंच म्हणाल्या दारात. "तिचं डोकं दुखतं."

मेइराम त्यांना बसथांब्यापर्यंत पोचवायला गेला.

२० ऑक्टोबर

मेइराम: "तू काय केलंस ते कळतंय का तुला?"

मी: "कळतंय. म्हणूनच केलं."

"तिला विचारू तरी द्यायचं होतंस."

"काय विचारणार होत्या? इंजूला मागणार होत्या. मग मी नाही म्हटलं असतं, मग भांडण, मग तू लाकडं फोडली असतीस. मी सगळ्यांचा वेळ वाचवला."

तो लाकडं फोडायला गेला.

बरं केलं. पुन्हा लिहिते: बरं केलं. जगातल्या सगळ्या सुनांच्या वतीने भरली ती वाटी.

२१ ऑक्टोबर

अपांचा फोन नाही.

इंजूने विचारलं, "अपा शनिवारीच का गेली?" म्हटलं, काम होतं. ती म्हणाली, "नव्हतं काम." आणि कासववालीकडे खेळायला गेली.

२४ ऑक्टोबर

फोन नाही. मेइराम करतो, त्या म्हणतात बरी आहे, ठेवते. घर शांत आहे. हेच हवं होतं की मला. स्पीकर नाही, खोकला नाही, उशी नाही.

शाळेत भूगोल शिकवायला माणूस हवाय. मुख्याध्यापिका म्हणाल्या, कागद आणा. आल्दियारला उल्पान सांभाळेल, तिच्या वासरासोबत. घ्या, सगळे! पहिला बर्फ पडायच्या आत नोकरीसुद्धा.

२८ ऑक्टोबर

पहिला बर्फ. ओला, चिखलात मिसळणारा. मुद्दाम नणंदेला फोटो पाठवला: चूल, पोरं, वाकडी भिंत. खाली लिहिलं, "आलो नाही."

उत्तर आलं, "आई तुमच्याकडे येऊन गेल्यापासून जेवत नाही नीट." हे माझ्यावर ढकलायची गरज नव्हती. मी काही त्यांचं ताट ओढून घेतलं नाही.

तरी दिवसभर काही केल्या ते डोक्यातून जाईना.

३० ऑक्टोबर

नोकरीचे कागद आणायला शहरात जायचं होतं. इंजूला सुट्टी, तिलाही घेतलं. थांब्यावर गारांसारखं काहीतरी पडायला लागलं म्हणून थांब्याजवळच्या दुकानात शिरलो. तिथे मी कधी जात नाही, उल्पानच्या गल्लीतलं दुकान जवळ पडतं. इंजू चॉकलेटांकडे धावली, मी ओरडले, "इंजू, हात पूस आधी."

दुकानवाली उइगुर बाई, गुलबाहर, काउंटरमागून वर बघायला लागली. "इंजू? हिचं नाव इंजू? मग ती पिशवी तुमचीच."

"कुठली पिशवी?"

तिने काउंटरखालून काढली. चौकटींची, मोठी, चेनची. अपांची. ओळखायला एक क्षणही लागला नाही.

"दहा-बारा दिवस झाले. एक म्हातारी बाई उतरली, चांगला कोट घातलेली. म्हणाली, इतकं सामान घेऊन दारात उभी राहिले तर सून नाही म्हणू शकणार नाही, आणि मला तसं नको. आधी रिकाम्या हाताने विचारते. हो म्हणाली तर माझी इंजू येईल न्यायला, संध्याकाळपर्यंत. मग संध्याकाळी बघते तर ती बसमध्ये चढतेय, मुलगा सोबत. मी दारातून हाक मारली. तिने नुसता हात हलवला. राहू दे, असा."

इंजू माझ्याकडे बघत होती. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "तिने सांगितलं होतं. ती आपल्याकडे राहायला येणार होती. तुला आधी विचारणार होती, म्हणून मी सांगायचं नव्हतं."

शहरात गेले नाही. कागद राहिले. पिशवी घेऊन चिखलातून घरी आले, मध्ये दोनदा थांबले.

उघडली. उघडायला नको होती, पण उघडली. रात्रीचा झगा, रक्तदाब मोजायचं यंत्र, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या घरात घालायच्या चपला, आणि इंजूची उशी.

३१ ऑक्टोबर

सकाळची सातची बस, अपांना आणायला. मेइरामला आत्ता सांगितलं, तो बूट घालायला खाली बसला आणि बसूनच राहिला. पोरं उल्पानकडे.

अपा म्हणतील, नको. म्हणू देत. मी दोन महिने तेच म्हणत होते.

पिशवी सोबत नेत नाहीये.