सुनेने मापून आणलेली काठी

श्री. शके १७१८, नलनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी.

कसबे पुणे येथील कुंभारवाड्यात राहणारा सोनबा बिन राघोजी कुंभार, वय सुमारे सत्तर, लिहून ठेवतो ते असे. शरीर थकले आहे, बुद्धी ठिकाणावर आहे. हे कोणाच्या भिडेने वा धाकाने करीत नाही. मला अक्षर येत नाही म्हणून शेजारचे दीनानाथपंत यांजकडून लिहवतो.

राहते घर व मागची भट्टी माझी सून आनंदी हिची. माझा मुलगा लष्कराबरोबर गेला तो वाटेत तापाने वारला, त्यास सहा वर्षे झाली. पुतण्या अनंता म्हणतो, विधवेला घर कशाला, तिने धायरीस भावाकडे जावे. त्यास उत्तर म्हणून हकिकत सांगतो.

गेल्या वर्षी नदीवरून माती आणताना घाटावर पडलो. डावा खुबा दुखावला. दोन महिन्यांनी उठलो तेव्हा अनंताने चांदीच्या मुठीची शिसवी काठी आणली. "काका, चारचौघांत शोभेल," म्हणाला. ती माझ्या काखेला लागत होती. तिसऱ्या दिवशी तिच्यासकट उंबऱ्यात आपटलो. तेव्हा तो म्हणाला, "वय झालं, आता बसून राहावं." मी बसून राहिलो.

आनंदीने मला जोडे घालून भिंतीशी उभे केले, हात सैल सोडायला लावले आणि मनगटापाशी कोळशाची रेघ ओढली. ते माप दोरीवर घेऊन नासिर खरादी यांजकडे गेली. त्यांनी हलकी, भरीव बांबूची काठी केली, आडवी मूठ बसवली. टोकाला लोखंडाऐवजी चामडे लावले; लोखंड दगडावर घसरते. आधी दोन बोटे लांब ठेवली, मला चालवून पाहिले, मग कापली.

मी ती दुखऱ्या बाजूला धरली. आनंदी म्हणाली, "मामंजी, उजव्या हातात घ्या. काठी आणि डावा पाय एकदम टाका."

"मला चालायला शिकवतेस?"

"न पडायला शिकवते."

महिनाभर ती माझ्या डाव्या अंगाला, एक पाऊल मागे चालली. मग एका सकाळी मी एकटा नदीवर जाऊन आलो. परतलो तर ती चुलीपाशी रडत होती. तेव्हा मी काही बोललो नाही. आता बोलतो: पोरी, तुझ्यामुळे उठलो.

चाक व थापटणी आनंदीची. गडी ठेवावा की विकावे, तिने ठरवावे.

शिसवी काठी अनंतास परत. तो मनाने वाईट नाही. त्याने काठी पाहिली, मला पाहिले नाही. माझी बांबूची काठी दुसऱ्या म्हाताऱ्यास द्यायची तर आधी त्याचे माप घ्यावे.

शेवटचे. आनंदी एकोणतीस वर्षांची आहे. आमच्यात पाट लावतात. माझे कोण करील म्हणून तिने दोन स्थळे परतवली. मला ते ठाऊक नाही असे तिला वाटते. माझ्यामागे तिने दुसरा घरोबा केला तरी घर तिचेच. नवरा इथे राहण्यास आला तर कोणी अटकाव करू नये.

सोनबाची निशाणी, चाक.
साक्ष: नासिर वल्लद अय्युब खरादी. साक्ष: म्हादजी कुंभार.

हस्ताक्षर दीनानाथ. मजकूर वाचून दाखवताना अनंता दारात उभा होता. शेवटचे कलम ऐकून आत आला, काकांच्या पाया पडला आणि खाली आपलीही निशाणी केली. आनंदी पाण्यास गेली होती. तिला अजून कोणी सांगितलेले नाही.