तिघे गेले माझ्या वाढदिवशी

१० एप्रिल
आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर नीट काढायचं, कारण मोठ्या माणसांच्या रोजनिशा पुढे कुणीतरी छापतंच.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. घशासाठी ज्येष्ठमध. श्रद्धांजलीचं भाषण चाळीस मिनिटांवरून अडतीसवर आणणे.
आज साडेसातला उठलो. ज्येष्ठमध संपलाय.

११ एप्रिल
मूळ दुखणं एकदाचं लिहून टाकतो. पेठेत गिरणी आमची, पण पीठ सौ. दळते. माझं क्षेत्र वेगळं. मी दशक्रियेचा निवेदक. पंचक्रोशीत कुणाचाही दहावा असो, प्रवचन संपलं की घाटावर माईक मच्छिंद्रभाऊंच्या हातात. मयताला मी कधी ओळखत असे, कधी नसे. भाषणात त्याचा फरक पडू दिला नाही.
फेब्रुवारीत एका दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मी रंगात आलो होतो. म्हातारीची काय इच्छा राहिली असेल म्हणून मुलं एकेक वचन देत सुटली. थोरल्याने तर धाकट्याला विहिरीचं पाणी द्यायचंही कबूल केलं. तरी नाही. शेवटी मागून कुणीतरी ओरडलं, अरं, आदी त्यो भोंगा बंद करा! माईक काढून घेतला. कावळा आला.
योगायोग. पण लोकांना कोण समजावणार? तेव्हापासून माईक नारायणगावच्या सुदर्शनकडे. पाच मिनिटांत आटोपतो. याला हल्ली वक्तृत्व म्हणतात.
मला माईक परत पाहिजे. बस. दुसरं काही नको.

१५ एप्रिल, दुपार
साक्षात्कार!
सौ.ने कपाट उपसायला लावलं. त्यात तीन शाली निघाल्या. जांभळी यमाजींची, तपकिरी कुशाबांची, मोरपंखी सावळाराम पेंटरांची. म्हणजे त्यांच्या श्रद्धांजलीला मला मिळालेल्या. आणि एकदम डोक्यात वीज चमकली. तिन्ही शाली मला माझ्या वाढदिवशी मिळाल्या होत्या! तिन्ही वेळा मी घरी येऊन सौ.ला म्हणालो होतो, बघ, वाढदिवसाला कुणी नाही तर मयताने तरी शाल दिली.
म्हणजे ढोलकीवाले यमाजी, आहुप्याचे बासरीवाले कुशाबा आणि तमाशाचे पडदे रंगवणारे सावळाराम पेंटर, तिन्ही कलावंत वेगवेगळ्या वर्षी पण एकाच तारखेला गेले. १ जून. आणि त्याच तारखेला मी आलो. गावात निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनच आहे, पण त्यांचा गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेला. माझा खरा असावा.
सौ.ला सांगितलं. म्हणाली, शाली उन्हात टाका, कसर लागलीय.

१६ एप्रिल
योजना पक्की. तिघांचं संयुक्त पुण्यस्मरण. स्थळ: गिरणीशेजारची मोकळी जागा, अगदी हायवेला. समोर तिन्ही घरची माणसं, मागे दोन तालुके, मधे मी. माईक माझा, मांडव माझा, कावळ्याचा संबंध नाही. सुदर्शन पहिल्या रांगेत बसून शिकेल.

२० एप्रिल
नारायणगावला यमाजींच्या घरी. गजराबाई, त्यांच्या मंडळी, एके काळी फडात गायच्या. आवाज अजून असा की चहा हवाय का विचारलं तरी दाद द्यावीशी वाटते. मुलगा गोरखही होता. मी म्हटलं, तिघे कलावंत एकाच दिवशी गेले, कधी लक्षात आलं का? गजराबाईंनी पदर डोळ्याला लावला. गोरख म्हणाला, राव, आमी आपापलं करीत बसलो, हे ध्यानातच न्हाई आलं.
तारीख मी उच्चारली नाही. ज्याचा बाप गेला त्यालाच तारीख सांगणं बरं दिसत नाही. निघताना गोरखने विचारलं, मंग त्याच तारखेला धरायचं ना भाऊ? म्हटलं, अर्थात त्याच.
हा संयम सुदर्शनला जमला नसता.

२४ एप्रिल
आहुपे. डोंगर चढताना एसटीने हाडं खिळखिळी केली. कुशाबांचा मुलगा जानकू भाताच्या शेतात पालापाचोळ्याचा राब भाजत होता. तिथेच बांधावर बोलणं. तोही हेलावला. म्हणाला, आमच्या आबाचं नाव खाली देशात कुणी काढील असं वाटलं नव्हतं. नाचणीची भाकरी खाल्ली. सावळाराम पेंटरांची मुलगी आरती जुन्नरला असते, तिला फोन केला. तीही तयार. म्हणाली, मी बाकीच्या दोघांशी बोलून घेते. घ्या म्हटलं. संयोजनातली बारीकसारीक कामं खालच्या पातळीवर झालेली बरी.

३ मे
भाषण लिहायला घेतलं. प्रस्तावना, म्हणजे माझा परिचय, सात पानं. मग यमाजी: मनमिळाऊ, परोपकारी. कुशाबा: परोपकारी, मनमिळाऊ. सावळाराम पेंटर: दोन्ही.
यमाजींची ढोलकी कशी होती ते आठवेना. मी ऐकलीच नव्हती. त्यांच्या दहाव्याला गोरख वाजवायला बसला होता, पण माझं भाषण लांबलं.
पहाटे पाचचा संकल्प १ जूननंतर.

१२ मे
मंचरला फ्लेक्सची ऑर्डर. वरती मोठ्या अक्षरात 'महानिर्वाण दिन, १ जून'. खाली तीन कलावंतांचे फोटो आणि चौथा माझा, निवेदक म्हणून. चारही एकाच मापाचे. कलेत लहानमोठं काही नसतं.

१९ मे
हसावं की रडावं! गोरख मुद्दाम मोटरसायकल काढून आला. म्हणाला, भाऊ, तेवीस तारखेला आमच्या नानाचं पुण्यस्मरण हाय ओझरला घाटावर, तुमी आलंच पायजे. तुमची कल्पना हाय, तवा पाच मिन्टं तुमी बोला. माईक तुमच्याकडंच.
पाच मिनिटं! आणि तेवीस! मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, गोरख, बापाची तारीख विसरू नये रे. तो बघतच राहिला. म्हणाला, आवो, इसरंन कशी? मी म्हटलं, चहा घे.
पोटच्या मुलाला तारीख आठवत नाही आणि मला आठवते. कलावंताचं नातं रक्तापलीकडचं.

२० मे
आज आरतीचा फोन. तीही म्हणते तेवीस. संध्याकाळी आहुप्याहून जानकूचा. तोही तेवीस!
आता प्रकाश पडला. तीन घरं एकाच वेळी एकच चूक करत नाहीत. हे सुदर्शनचं काम. माझी कल्पना पळवायची आणि माझ्या आधी उरकून घ्यायचं. तिघांनाही ठणकावलं, मी येणार नाही, खरी तारीख कोणती ते तुम्हाला लवकरच कळेल. जानकू म्हणाला, तुमच्यासाठी डोंगरातला मध आणतोय. लालूच!
सौ. म्हणाली, अहो, एकदा नीट इचार करा. कुशाबाची बातमी आली तवा आपण हिराला हळद लावीत व्हतो.
हिरा आमची मुलगी. तिच्या लग्नाचा आणि कुशाबांचा काय संबंध? गिरणीच्या आवाजाने सौ.च्या डोक्यावर परिणाम होतोय. पट्टा बदलून घेतला पाहिजे.

२३ मे
दिवसभर घरी. निषेध. मोबाईल बंद करून उशाखाली. मधे एकदा चालू केला तर गोरखचे बरेच मिस्ड कॉल. परत बंद.
सौ. गेली ओझरला. म्हणाली, गणपतीचं दर्शन व्हईल. गणपती हे निमित्त. परत आली ती थेट गिरणीत. मी विचारलं, किती लोक होते? म्हणाली, लई व्हते. किती वेळ बोलला सुदर्शन? म्हणाली, बोलला न्हाई फारसं. म्हणजे पडला कार्यक्रम. मी तिला पुढे काही सांगू दिलं नाही. पराभूताचं वर्णन ऐकण्यात मला रस नाही.

२८ मे
फ्लेक्स आला. किरकोळ चूक. दुकानदाराने सवयीने चारही फोटोंना हार घातला आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं. मी म्हटलं, अरे, मी समोर उभा आहे. तो म्हणाला, काका, टेम्प्लेटच तसं आहे. नवीन छापायला वेळ लागेल.
घरी आणून नीट पाहिलं. फोटो छान आलाय. राहू दे. निदान त्या रांगेत बसलो तरी.

२९ मे
फ्लेक्स हायवेला लागला. एसटीतली माणसं खिडकीतून हात जोडून जातात. एवढा आदर मला घाटावर कधी मिळाला नाही.

३० मे
माझा भाऊ दादाभाऊ शिरूरकडे मेंढरं घेऊन बसला होता. कुणीतरी त्याला फ्लेक्सचा फोटो पाठवला. मेंढरं तशीच पोरांवर टाकून धाय मोकलत आला. मी दारात ज्येष्ठमध चघळत उभा. आधी गळ्यात पडला, मग काठी उगारली. म्हणाला, आरं, सांगून तरी मरायचं! रागारागात न जेवता परत गेला.
दळण घेऊन आलेल्या दोघी सौ.समोर रडल्या. तिने त्यांना पीठ दिलं आणि मला खूण केली, आत व्हा.

१ जून, सकाळ
वाढदिवस. मांडव तयार. खुर्च्या मांडल्या. पेढे आणले. माझ्या फोटोखाली स्टूल ठेवून त्यावर पेढ्यांचं ताट, वाढदिवस म्हणून. माईक टेस्टिंग उत्तम. दहाची वेळ दिली आहे.

साडेअकरा
लोक हळूहळू जमतील. काही जण येऊन गेलेही. ते माझ्या दुःखात सामील व्हायला आले होते. मला खुर्चीत बघून त्यांचा विरस झाला. एकाने सरळ विचारलं, मंग जेवान न्हाई का?

दुपार
सौ. दळण आटोपून पाचव्या रांगेत येऊन बसली. म्हटलं, पुढे ये. म्हणाली, इथूनबी दिसतंय.

संध्याकाळ
जे घडलं ते घडलं तसं लिहितो.
तीनच्या एसटीने गजराबाई आल्या. एकट्या. मी धावत जाऊन माईक हातात घेतला. त्यांनी हाताने थांबवलं. पिशवीतून एक शाल, नारळ आणि मधाची बाटली काढली. म्हणाल्या, ही तेवीसची हाय तुमची. तुमच्या नावाची खुर्ची ठिवली व्हती मदी. गोरखनं ढोलकी घेतली, जानकूनं बासरी, आरतीनं बापाचा पडदा लावला पाठीमागं. सुदर्शन उठला, म्हनला, ही कल्पना मच्छिंद्रभाऊंची, पयलं बोलणं त्यांचं, आपण थांबू. आमी थांबलो. लई येळ थांबलो. माईक खुर्चीवर ठिवलेला. कुणीबी उचलला न्हाई.
मी माईक खाली ठेवला. तरी मुद्दा सोडून चालत नाही. मी म्हटलं, पण गजराबाई, तारीख आजची आहे. यमाजी १ जूनला...
त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, आवो भाऊ, त्ये गेले तवा तुमी कुठं व्हता? तुमी दहाव्याला आलता. तवा दिलेली शाल दहाव्याची.
पाचव्या रांगेतून सौ. म्हणाली, हिराचं लगीन तेवीसचं.
मी बोटांवर मोजायला लागलो आणि मधेच थांबलो. तिघेही. तेवीसला गेले, १ जूनला दहावा. माझ्या लेखी माणूस मी बोललो त्या दिवशी मेला. कारण त्याआधी तो मला माहीतच नसे. हे लिहिताना लाज वाटते आहे. फ्लेक्सवरच्या त्या तिघांकडे वर बघवेना.
तेवढ्यात लाईट गेली. स्पीकरची घरघर थांबली, माईक मेला, पंखा थांबला. इतकं शांत झालं की झाडावरचा कावळा खाली उतरला. आमच्याकडे बघितलंही नाही. सरळ माझ्या फोटोखालच्या ताटावर आला आणि पेढा उचलला.
फेब्रुवारीत अख्खा घाट ज्याची विनवणी करत होता तो हाच असावा.
गजराबाईंनी पदर सावरून हात जोडले. हसू दाबत म्हणाल्या, बघा भाऊ, आल्या आल्या शिवला. तुमची कायबी इच्छा राहिली नाय.
लांबून परतीची एसटी दिसत होती. त्या उठल्या. मी मेलेला माईक हातात घेऊन उभा राहिलो आणि म्हणालो, राहिलीय. पाच मिनिटं बोलायचं होतं.
नेमकी तेव्हाच लाईट आली. सगळ्या हायवेला ऐकू गेलं. कावळा पेढा टाकून उडून गेला.